चौथी चिप

२ फेब्रुवारी २००९, सोमवार

आजपासून लिहायचं ठरवलं. दिवसभर गाळ्यात मी "होईल, होईल" म्हणत फिरते, पण मनात जे चालतं ते कुठेतरी ओतायला हवं.

आमच्या काल्हेरच्या गाळ्यात जॅकार्ड लूमचे कंट्रोलर तयार होतात. कापडावर नक्षी उठायची तर कुठला धागा कधी उचलायचा, हे लूमला सांगणारा बोर्ड. गाळा देवेशदादाचा. त्याच्या वडिलांनी, दौलतशेठनी, शेतावर गोदामं बांधून सगळी भाड्याने दिली आणि शेवटचा गाळा पोराच्या हट्टापायी रिकामा ठेवला. बोर्डाची रचना देवेशदादा करतो, सॉफ्टवेअर मी. चिप्स सोल्डर करते मंदामावशी, आणि तपासणी-पॅकिंग पूर्वी नावाच्या मुलीकडे. माणसं चारच, पण तोरा मोठ्या कंपनीचा.

अंबाडीच्या एका कारखानदाराला मार्चअखेर नवे बारा बोर्ड हवेत. त्यांच्यावर नवं कर्नल चालवायचं, आणि त्यासाठी बोर्डाचं वर्णन मी लिहून द्यायचं. त्यात सगळ्यात किचकट भाग मेमरी कंट्रोलरचा. मी हो म्हणून बसलेय.

घरी बाबांनी विचारलं, वर्णन कसलं? बाबा पस्तीस वर्षं लूमवर जॉबर होते, बिघडलेली लूम चालू करून देणारे, त्यामुळे यंत्राचं काही सांगायचं तर त्यांना अर्धवट सांगून भागत नाही. मी म्हटलं, कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, पण त्याला डोळे नसतात. बोर्डावर काय कुठे बसलंय ते एका फाइलमध्ये लिहून द्यावं लागतं. मेमरी कंट्रोलर अमुक पत्त्यावर राहतो, काही बिघडलं तर अमुक नंबरची घंटा वाजवतो, त्याच्या हाताखाली इतक्या चिप्स आहेत. ते वाचून ड्रायव्हर, म्हणजे तो भाग चालवणारा छोटा प्रोग्राम, कामाला लागतो.

"आणि तू चुकीचं लिहिलंस तर?"

"तर तेच खरं धरून चालतो."

"म्हणजे नवीन आलेल्या शेठसारखाच," बाबा म्हणाले आणि पेपर वाचायला लागले.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

प्रोसेसरचं पुस्तक अकराशे पानांचं आहे. आमच्या प्रिंटरमध्ये तेवढा दम नाही. मी मेमरी कंट्रोलरचं प्रकरण तेवढं छापून घेतलं, पासष्ट पानं, आणि नाक्यावरून स्पायरल बाइंडिंग करून आणलं. पुस्तकाच्या सुरुवातीला नेहमीचंच असणार. आभार, कॉपीराइट, खुणांचे अर्थ. तीन वर्षं मी हेच काम करतेय, मला खुणांचे अर्थ कोणी शिकवायला नकोत.

कॉलेजात माझ्याबरोबरच्या मुली पुण्या-बंगलोरला गेल्या. मी भिवंडीत राहिले म्हणून त्यांना माझी कीव येते. येऊ दे. हे काम जमलं तर त्यांच्यातल्या एकीनेही केलं नसेल असं काहीतरी मी केलेलं असेल.

११ फेब्रुवारी, बुधवार

उठला! बोर्ड उठला! चार दिवस काळी स्क्रीन बघून डोळे शिणले होते. कंट्रोलरचा पत्ता मी एका शून्याने चुकवला होता. तो शून्य दुरुस्त केला आणि दुपारी सव्वातीनला पहिली ओळ उमटली. पूर्वीने टाळ्या वाजवल्या. लगेच लोडशेडिंग झालं, पण उठला तो उठला.

मग मी त्यात माझी एक कल्पना घातली. बोर्ड पॉवरचा सॉकेट वर येईल असा धरला की मध्यभागी मेमरीच्या चार चिप्स ओळीत दिसतात. थोडी खाली पाचवी, ती या चौघींवर नजर ठेवते. एखादा आकडा चुकला तर सुधारून देते. एकदम दोन चुकले तर सुधारता येत नाही, मग लूम थांबवावी लागते, नाहीतर नक्षी बिघडेल. डेटाच्या लाइन बत्तीस, प्रत्येक चिपच्या वाट्याला आठ. कुठली लाइन कुठल्या चिपची हा तक्ता मी वर्णनातच लिहिला. आता ड्रायव्हर नुसता "मेमरीत चूक" म्हणून रडणार नाही, सरळ चिपचा नंबर सांगेल.

देवेशदादा म्हणाला, घाईत बोर्ड छपाई न करताच आणलेत, चिपवर नंबर नाहीत. मी म्हटलं, चारपर्यंत मोजायला छपाई कशाला लागते?

१७ फेब्रुवारी, मंगळवार

अंबाडीहून फोन. ट्रायलला लावलेला बोर्ड बंद डब्यात दोन तास नीट चालतो आणि मग लूम थांबवतो. आज पाच वेळा. कारखानदाराने देवेशदादाला सांगितलं की असंच चाललं तर तो नक्षीच्या जुन्या, भोकं पाडलेल्या पंचकार्डांवर परत जाईल. देवेशदादाने जेवण अर्धं टाकलं.

१८ फेब्रुवारी, बुधवार

बोर्ड परत आणला, डब्यात बंद करून गाळ्यात चालवला. दोन तासांनी चुका सुरू. आणि माझ्या ड्रायव्हरने चोर पकडला! सदतीस चुका, सगळ्या चौथ्या चिपच्या. एकही इकडेतिकडे नाही. इतका आनंद झाला की बिघाड झालाय हेच विसरायला झालं. वर्णन आणि ड्रायव्हर लगेच कर्नलच्या जाहीर ईमेल-यादीवर पाठवून दिले. जगभरचे लोक तिथे आपलं काम पाठवतात. आता त्यात काल्हेरही आहे.

एकाच चिपच्या चुका म्हणजे सोल्डरिंग कच्चं. मंदामावशीला सांगितलं, चौथी चिप काढून परत बसव.

मंदामावशी आमच्याच वस्तीतली. आधी बाबांच्याच कारखान्यात सुताच्या कांड्या भरायची. पाच वर्षांपूर्वी देवेशदादाने तिला सोल्डरिंग शिकवलं आणि आता ती सहासष्ट पायांची चिप हाताने बसवते, पाय केसाएवढे. हात चांगलाच आहे तिचा. पण वय झालं, नजर कमी होणारच. मी ते तिला नीट, गोड शब्दांत सांगितलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि सोल्डरिंगची गन तापायला लावली.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

परत चुका. परत चौथी. मंदामावशी म्हणते तिने काल चौथी काढली, साफ केली, बसवली. मी म्हटलं, मग आणखी एकदा.

संध्याकाळी टेस्ट संपल्यावर ती माझ्या टेबलाशी आली.

"चौथी चटका देते, दिना. दुखनं तिचं ते हाय. सोल्डर न्हाय."

मी उठून बोर्डाला हात लावून बघितलं. चौथी चिप कोमट. त्यापेक्षा माझा चहा गरम होता. शिवाय विजेचा दाब उतरवणारा रेग्युलेटर तापतो हे खरं, पण तो ओळीच्या दुसऱ्या टोकाला, पहिल्या चिपला चिकटून आहे. चौथी तापेलच कशाला? मी तिला हे समजावलं. ती म्हणाली, "बरं," आणि जेवणाचा डबा धुवायला गेली. माणसाला आपली चूक कबूल करणं जड जातं, हे मी समजू शकते.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

आज जे झालं ते लिहायला नको वाटतंय, पण लिहिते. मी काही चुकीचं केलेलं नाही.

काल तिसऱ्यांदा चौथी चिप बसवायला सांगितली होती. संध्याकाळी मंदामावशी म्हणाली, केली. आज टेस्टमध्ये परत त्याच चुका. जेवणाच्या सुट्टीत मी बोर्ड भिंगाखाली धरला. चौथ्या चिपच्या पायांवरचं सोल्डर जुनं, मळकट, पहिल्या दिवशीचं. तिला कोणी हातही लावलेला नाही. एकदासुद्धा नाही. आणि ही बाई आठवडाभर आम्हाला "केली, केली" सांगतेय.

माझं डोकं फिरलं. सगळे परत आल्यावर मी देवेशदादासमोर आणि पूर्वीसमोर म्हटलं, "मंदामावशी खोटं बोलतेय. चौथी चिप तिने बदललेलीच नाही."

मंदामावशी म्हणाली, "मी केली. तीनदा केली."

मी म्हटलं, ये, भिंगातून बघ. ती जागची हलली नाही. "तुझ्या भिंगात तुला दिसायचं ते दिसलं. मी कशाला बघू?"

देवेशदादाने बोर्ड घेतला, मी दाखवलेली चिप बघितली, आणि बोर्ड खाली ठेवला. मग म्हणाला की मावशी, काम चुकलं तर चालतं, पण असं नको होतं. उद्यापासून येऊ नकोस. बाकीचे बोर्ड आपण ठाण्याला मशीनवर करून घेऊ.

तिने वाद घातला नाही. ॲप्रन घडी करून स्टुलावर ठेवला आणि गेली. पूर्वी माझ्याशी दिवसभर बोलली नाही. मुलींना भावना आणि पुरावा यांतला फरक कळत नाही.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

देवेशदादाने ठाण्याहून एक कारागीर आणला. त्याने माझ्यासमोर चौथी चिप काढली, कोरी करकरीत नवी बसवली. भिंगातून बघितली, पाय चकचकीत.

दोन तासांनी चौथ्या चिपच्या एकेचाळीस चुका.

म्हणजे दोष सोल्डरिंगचा नव्हताच. मंदामावशीने खरोखर तीनदा बदलली असती तरी हेच झालं असतं. मग ती खोटं का बोलली? कंटाळा आला म्हणून? ती कंटाळा करणारी वाटत नाही. पण जुनं सोल्डर मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. खोटं ते खोटंच, त्याचा परिणाम काहीही होवो. हे वाक्य मी दोनदा लिहून खोडलं आणि परत लिहिलं.

देवेशदादा सारखा विचारतोय, आता काय? मार्चअखेरीला महिना आहे. मी हटणार नाही. सोमवारी पासष्टच्या पासष्ट पानं पहिल्यापासून वाचायची.

१ मार्च, रविवार

बाबांना आज बाजारात कळलं की मंदामावशी वडप्याच्या गोदामात कामाला लागली. घरी येऊन त्यांनी पिशवी ठेवली आणि मला शेजारी बसवलं. मंदा बारा वर्षं माझ्या डोळ्यांसमोर काम करत होती, म्हणाले, कांडी कमी भरली तर स्वतः येऊन सांगायची. काय झालं ते सांग.

मी सांगितलं. चिप म्हणजे काय, ओळ म्हणजे काय. त्यांच्या डोळ्यांसमोर यावं म्हणून चहाची चार बिस्किटं ताटात ओळीने मांडली. म्हटलं, मी तिला चौथी बदलायला सांगितली, आणि चौथी जशीच्या तशी होती.

बाबांनी बोट ठेवलं. "म्हणजे ही."

बोट डाव्या टोकाच्या बिस्किटावर होतं.

मी म्हटलं, बाबा, ही पहिली. ते म्हणाले, पहिली ही ना, आणि उजव्या टोकाचं बिस्किट दाखवलं. मला वाटलं चेष्टा करतायत. चेष्टा नव्हती. त्यांच्या शेठचं रजिस्टर उर्दूत होतं. पहिला खाना पानाच्या उजव्या कडेला. बाबांना आणि मंदामावशीला उर्दू वाचता यायचं नाही, पण रोज आपापल्या खान्यात खूण करायची असायची, लूम एक उजवीकडे, मग दोन, मग तीन. शेडमधल्या लूमही तशाच मोजायचे, दारातून शिरल्यावर उजव्या हाताची पहिली. "आम्ही सगळे तसंच मोजतो," बाबा म्हणाले. "तू कसं मोजतेस?"

मी ताटाकडे परत बघितलं. चहा तसाच राहिला. आज रविवार, गाळ्याची चावी देवेशदादाकडे, आणि तो लग्नाला गेलाय. उद्या सकाळपर्यंत थांबण्याखेरीज इलाज नाही.

२ मार्च, सोमवार

सगळं लिहिते, क्रमाने.

आठ वाजता गाळ्यावर. मंदामावशीने हात लावलेला तोच बोर्ड भिंगाखाली. या खेपेला डावीकडची चिप बघितली, जिला मी पहिली म्हणते. सोल्डर ताजं, एकसारखं. पायांच्या मुळाशी परत परत धुतल्याच्या खुणा. तीनदा काढून तीनदा बसवलेली चिप, आणि एकही पाय वाकडा नाही. ठाण्याच्या कारागिराचं काम याच्यापुढे काहीच नाही.

ती खरं बोलत होती. मी त्या दिवशी भिंग दोन इंच डावीकडे सरकवलं असतं तर मला दिसलं असतं. मी सरकवलं नाही, कारण मला जे हवं होतं ते मिळालं होतं.

मग आठवलं, ती चटका देते म्हणाली होती. म्हणजे डावीकडची! बोर्ड डब्यात घालून दोन तास चालवला, झाकण काढलं आणि त्या चिपला बोट लावलं. बोट अजून दुखतंय. रेग्युलेटर खेटून, वारा नाही, भाजणारच. तापलेली मेमरी आकडे विसरते, हे मला परीक्षेत आलं होतं.

पण मग ड्रायव्हर चौथी का सांगतोय? डावीकडची तर पहिली. एक तास माझ्याच तक्त्याकडे बघत बसले. शेवटी देवेशदादाच्या कॉम्प्युटरवर ते अकराशे पानांचं पुस्तक उघडलं, पहिल्या पानापासून. आभार. कॉपीराइट. आणि खुणांचे अर्थ. चौकटीत लिहिलंय की या पुस्तकात लाइन शून्य म्हणजे डाव्या टोकाची, सगळ्यात मोठ्या किमतीची.

मी शाळेत एकक, दशक, शतक उजवीकडून मोजायला शिकले. कॉलेजातही शून्य नंबर एककाचाच होता. त्यामुळे बत्तीस लाइन मी उजवीकडून मोजल्या, आणि पुस्तकवाल्यांनी डावीकडून. माझा तक्ता टोकापासून टोकापर्यंत उलटा. चुका पहिल्या चिपच्या होत्या आणि मी ड्रायव्हरच्या तोंडून चौथीचं नाव वदवत होते.

माझा तक्ता उलटा, मंदामावशीची मोजणी उलटी. म्हणून मी चौथी म्हटल्यावर तिचा हात नेमका दुखऱ्या चिपवर गेला, तिने दुखणंही ओळखलं, आणि मला येऊन सांगितलं. त्या बदल्यात मी तिला सगळ्यांसमोर खोटारडी ठरवलं. लाज वाटते हा शब्द लिहायला सोपा आहे.

तक्ता दुरुस्त केला. ड्रायव्हर आता पहिली म्हणतो.

३ मार्च, मंगळवार

देवेशदादाला सगळं सांगितलं. आधी खूश झाला, दोष सापडला म्हणून. मग रेग्युलेटरचं लक्षात आलं. तो तिथे त्यानेच ठेवलाय, मी दोनदा विचारलं होतं आणि त्याने जागा नाही म्हटलं होतं. बोर्ड उलटसुलट करून बघितला. थोड्या वेळाने म्हणाला, रेग्युलेटर झाकणाला लावून वायरने जोडू, काम होऊन जाईल. मावशीला फोन करून बोलावून घे. बाकीचं आता उगाळायचं कशाला?

मी म्हटलं, मी स्वतः जाते.

४ मार्च, बुधवार

शेअर रिक्षाने वडपे. गोदाम इतकं मोठं की आत गेल्यावर दार कुठलं ते कळेना. मंदामावशी खोक्यांवर लेबलं लावत होती. मी रिक्षात वाक्यं जुळवून ठेवली होती, ती सगळी म्हटली. रजिस्टर, बिस्किटं, पुस्तकाचं पान, सगळं. माफी मागितली. रडलेही थोडी.

ती लेबलं लावत राहिली. माझं संपल्यावर म्हणाली, "इथं कशाला सांगतेस? इथं मला खोटारडी कोन बोललंय?"

मी म्हटलं, मग मी काय करू?

"बोल्लीस तिथंच बोल. तेव्हा ऐकनारे होते तेच पायजेत. देवेशशेठ पन."

एवढं बोलून पुढच्या खोक्याकडे गेली. तिच्या सुपरवायझरने मला हाकललं. परत येताना पूर्ण वेळ विचार करत होते की हे मलाच का सुचलं नाही.

५ मार्च, गुरुवार

देवेशदादा म्हणतो, तू सॉरी म्हटलंस ना, झालं की. गाळ्यात तमाशा कशाला? उद्या पूर्वीही तोंड वर करून बोलायला लागेल. त्याचं खरं दुखणं रेग्युलेटरचं आहे, ते मला कळतंय.

मी म्हटलं, दादा, मी बोर्डाचं वर्णन चुकवलं तर कर्नल बिचारं तेच खरं धरून चालतं, कारण त्याला डोळे नाहीत. तुला डोळे होते. तू माझं ऐकून एका चिपकडे बघितलंस आणि बाईला घरी पाठवलंस. आता ती येईपर्यंत माझा ड्रायव्हरही येणार नाही.

असं बोलेन असं मला वाटलं नव्हतं. तो चिडून बाहेर गेला, गाडीशी उभा राहिला. परत आला आणि म्हणाला, सोमवारी बोलाव.

९ मार्च, सोमवार

मंदामावशी दहाला आली. स्टुलावर बसली नाही, दारात उभी राहिली. मी उभी, देवेशदादा उभा, पूर्वी हातातली टेप घेऊन उभी.

मी म्हटलं की माझा तक्ता उलटा होता, मावशीची मोजायची रीत वेगळी होती, आणि मी चौकशी न करता...

"न्हाय," ती म्हणाली. "तवा इतकं लांबन न्हवतं. तवा चार शब्द होते."

मी म्हटलं, "मंदामावशी खरं बोलत होती. चूक माझी होती."

मग देवेशदादा, कोणी न सांगता, जमिनीकडे बघत म्हणाला, "रेग्युलेटर मी तिथे ठेवला. मावशी, मलाही माफ कर."

ती आत आली. ॲप्रन पूर्वीने धुऊन ठेवला होता, हे मला माहीत नव्हतं. मंदामावशीने आधी एकच गोष्ट केली. बोर्ड समोर ठेवला आणि विचारलं, आता कुठल्या कडेनं मोजायचं ते ठरवा. बरीच चर्चा झाली. शेवटी ठरलं की नंबरच नकोत, चिपवर रंगाचे ठिपके द्यायचे. लाल, पिवळी, हिरवी, निळी. पूर्वीने नेलपॉलिशच्या बाटल्या आणल्या. वर्णनातल्या तक्त्यातही मी तीच नावं घातली.

दुपारपर्यंत मावशीने रेग्युलेटर झाकणावर बसवून वायरने जोडला. संध्याकाळी बोर्ड अंबाडीला गेला.

१३ मार्च, शुक्रवार

चार दिवस लूम चालली. चुका शून्य. देवेशदादाने कारखानदाराचा फोन स्पीकरवर टाकून सगळ्यांना ऐकवला. उरलेले अकरा बोर्ड मावशी हातानेच करणार आहे, आणि मार्चअखेर गाठायची तर तिला जवळजवळ रोज एक पुरा करावा लागेल. करेन म्हणाली.

माझं एक काम राहिलं होतं. तो उलटा तक्ता मी जाहीर यादीवर पाठवून बसले होते. आज दुरुस्ती लिहिली. काय चुकलं, कोणी चुकवलं, स्पष्ट लिहिलं. अशा दुरुस्तीखाली दोन ओळी लिहायची पद्धत आहे, बदल कोणी केला आणि दोष कोणी कळवला. पहिल्या ओळीत माझं नाव. दुसरीसाठी मंदामावशीला पूर्ण नाव विचारलं.

हात न थांबवता तिने विचारलं, कशाला पायजे? मी सांगितलं. मग विचारलं, कोन वाचनार? मी म्हटलं, जगात जो कोणी हे कर्नल उघडून बघेल तो.

तेव्हा तिने गन स्टँडवर ठेवली. "मंदा पंढरी भालेराव. नवऱ्याचं नको, बापाचं लाव."

मी टाइप केलं. वाचून दाखव म्हणाली. मी वाचलं, "दोष कळवला, मंदा पंढरी भालेराव." इंग्रजी अक्षरं तिला येत नाहीत. ती स्क्रीनकडे बघत राहिली, मग माझ्याकडे बघितलं.

"पूर्वी, इकडं ये. हिनं काय लिवलंय ते तू वाच."

पूर्वी हात पुसत आली. तिने वाचलं, तेच नाव. मावशी म्हणाली, वरचं पन वाच. पूर्वीने वरचा सगळा मजकूर एकेक ओळ मराठी करून सांगितला, तक्ता उलटा होता, तो धम्मदिनाने, म्हणजे मी, लिहिला होता, गरम चिप ओळखणाऱ्या बाईचं तिने ऐकलं नव्हतं. मला क्षणभर वाईट वाटलं. पण माझ्या शब्दावर तिने तसाच विश्वास ठेवावा, असं मी काय केलंय? पूर्वीचं वाचून होईपर्यंत मी टेबलापासून बाजूला उभी राहिले.

मंदामावशीने गन उचलली. "आता पाठव," म्हणाली.

मी पाठवलं.